कटिमणक्यांच्या सांधणीनंतर लगतच्या मणक्यांचा ऱ्हास : जोखीम-घटकविषयक संशोधनाची इटियाडोह लाभक्षेत्राच्या संदर्भात समीक्षा

कमरेचे दोन वा अधिक मणके स्क्रू, सळ्या व अस्थिरोपण यांच्या साहाय्याने एकसंध करण्याची शस्त्रक्रिया, म्हणजेच लंबर फ्यूजन, आता नवीन राहिलेली नाही. मराठी वाचकांस ती प्रामुख्याने डॉ. प्रेमानंद रामाणी यांच्या कार्यामुळे व ‘ताठ कणा’ या त्यांच्या आत्मकथनामुळे परिचित आहे. सांधलेला भाग हलत नाही. त्याच्या वाट्याची हालचाल वरच्या वा खालच्या मणक्यास करावी लागते आणि काही रुग्णांत तोच पुढे झिजतो. हा ऱ्हास कोणास होतो, यावरील संशोधन विपुल आहे. ते कितपत विश्वसनीय व कोणाच्या उपयोगाचे, हे तपासणे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन होय.

पहिली अडचण व्याख्येची आहे. पार्क व सहकाऱ्यांनी 2004 मध्ये घेतलेल्या आढाव्यात क्ष-किरण चित्रात दिसणाऱ्या ऱ्हासाचे प्रमाण 5.2 ते 100 टक्के, तर लक्षणे निर्माण करणाऱ्या विकाराचे प्रमाण 5.2 ते 18.5 टक्के आढळले. किमान व कमाल यांत जवळजवळ वीसपट अंतर पडत असेल, तर प्रत्येक संशोधक वेगळीच गोष्ट मोजत आहे असे म्हणावे लागते. हिलिब्रँड व रॉबिन्स यांनी त्याच वर्षी ‘ऱ्हास’ आणि ‘विकार’ यांत स्पष्ट भेद केला. तरीही नंतरच्या अनेक लेखांत हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात.

गिसेली व सहकाऱ्यांचा 2004 मधील अभ्यास या दृष्टीने अधिक उपयुक्त ठरतो, कारण त्याने पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली काय, हा ठोस प्रश्न विचारला. 215 रुग्णांपैकी 59 जणांवर ती करावी लागली. लगतच्या भागासाठी दुसऱ्या शस्त्रक्रियेची शक्यता 5 वर्षांत 16.5 टक्के व 10 वर्षांत 36.1 टक्के वर्तविण्यात आली. विशेष म्हणजे लगतच्या चकतीची आधीची झीज आणि ही गरज यांत लक्षणीय संबंध आढळला नाही. जोखीम-घटकांच्या याद्यांमध्ये मात्र ‘पूर्वीची झीज’ वय, स्थूलता व सांधलेल्या मणक्यांची संख्या यांच्या शेजारी निर्विवादपणे नोंदली जाते. अशी यादी वाचताना प्रत्येक घटकामागील पुरावा सारख्याच वजनाचा आहे असा समज होतो, आणि तो चुकीचा आहे.

शस्त्रक्रिया-तंत्राशी निगडित घटकांना वेगळे महत्त्व आहे, कारण ते शल्यविशारदाच्या हाती असतात. स्क्रू बसविताना लगतच्या फॅसेट सांध्यास इजा होणे हा त्यांपैकी एक. कमरेचा नैसर्गिक बाक ओटीपोटाच्या अस्थींच्या कोनाशी जुळविला न जाणे हा दुसरा. रोथेनफ्लू व सहकाऱ्यांच्या 2015 मधील पूर्वलक्षी तुलनेत ही विसंगती 10 अंशांहून अधिक असलेल्यांत पुनर्शस्त्रक्रियेचा धोका दहापट दिसला. दुसरीकडे एकमन (2009) व मॅनियन (2014) यांनी शस्त्रक्रिया न केलेल्या रुग्णांशी दीर्घकालीन तुलना केली. ऱ्हास सांधणीने वाढतो, परंतु रुग्णाच्या वेदनेशी त्याचा संबंध क्षीण आहे, असे त्यांत दिसून आले.

येथे संदर्भाचा प्रश्न उद्भवतो. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवर बांधलेल्या इटियाडोह धरणाच्या लाभक्षेत्रात खरिपाबरोबर उन्हाळी धानही घेतले जाते. म्हणजे रोवणी वर्षातून दोनदा. चिखलात गुडघे जवळजवळ ताठ ठेवून, कमरेत वाकून, पऱ्हे लावीत मागे सरकणे, हे काम मुख्यतः स्त्रियाच करतात. नाकेमसन यांच्या प्रसिद्ध मोजमापानुसार उभे असताना चकतीवरील दाब 100 धरल्यास पुढे वाकल्यावर तो 150 होतो व 20 किलो वजन घेऊन वाकल्यास 220. ही निरोगी कण्याची स्थिती झाली. चौथा व पाचवा मणका सांधलेला असेल, तर तिसऱ्या-चौथ्यामधील चकतीवर दिवसभर काय येत असेल, याची कल्पना करता येते. तिचे मोजमाप वर उल्लेखिलेल्या अभ्यासांच्या केंद्रस्थानी नाही.

‘वाकू नका’ हा शस्त्रक्रियेनंतरचा सल्ला टेबल-खुर्चीवर काम करणाऱ्यास पाळता येतो. रोवणीच्या मजुरीवर घर चालविणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत तो मजुरी सोडण्याचा सल्ला ठरतो. तेव्हा शस्त्रक्रियेपूर्वी तिच्याशी व तिच्या कुटुंबाशी होणाऱ्या चर्चेत यंत्रणेच्या खर्चाइतकाच हाही खर्च मांडला गेला पाहिजे. पूर्व विदर्भातील रुग्णांचा पाठपुरावा कोणी हाती घेतल्यास हंगामात किती दिवस रोवणी केली व शस्त्रक्रियेनंतर किती महिन्यांनी ती पुन्हा सुरू केली, या दोन नोंदी वय व वजनाइतक्याच आवश्यक मानाव्या लागतील. केसपेपरवरील ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘गृहिणी’ एवढेच लिहिले गेले, तर हा घटक तेथेच गळून पडतो.