पापा आता काय म्हणतात?

आमच्या कॉलेजच्या दर गॅदरिंगला 'गिव्ह मी सम सनशाइन' व्हायचंच. गिटार येणारा एकच मुलगा, शिट्टी मारणारा माइक, वर धरलेले मोबाइलचे टॉर्च आणि बेसूर गाणारी दोनतीनशे पोरं. पहिल्या रांगेतले सरही मान डोलवायचे. सोमवारी त्यांच्याच केबिनबाहेर आम्ही फायली घेऊन सबमिशनसाठी उभे.

बाबांच्या पिढीचं गाणं वेगळं होतं. १९८८च्या 'कयामत से कयामत तक'मधलं 'पापा कहते हैं'. लिहिणारे मजरूह सुलतानपुरी तेव्हा सत्तरीला टेकलेले, पडद्यावर गाणारा आमिर खान तेवीसचा. कॉलेजातला निरोप समारंभ. कुणी इंजिनिअर होईल, कुणी धंद्यात नाव काढेल. माझं काय होणार ते कुणालाच ठाऊक नाही, असं नायक हसत हसत सांगतो आणि सरळ प्रेमाच्या गोष्टींकडे वळतो. त्या 'ठाऊक नाही'मध्ये भीती औषधालाही नाही. मला हेच सगळ्यात परकं वाटतं. बाबांना विचारलं, तर म्हणाले, "आमचे पापा काही म्हणायचेच नाहीत. नोकरीला लाग, एवढंच." म्हणजे ती बेफिकिरी तेव्हाही बहुतेकांसाठी पडद्यावरचीच होती.

पण गाण्यातली यादी खरी होती. महाराष्ट्रात १९८३ साली, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं होतं. पुढे १९९१ आलं, मग आयटी. यादीतल्या 'इंजिनिअर'ने हळूहळू अख्खी यादीच खाऊन टाकली. आमच्या वेळी प्रश्न एवढाच उरला होता: कॉम्प्युटर की मेकॅनिकल?

२००९मध्ये 'थ्री इडियट्स' आला. आमिर चव्वेचाळीसचा आणि पुन्हा विद्यार्थी. या वेळी गिटार मात्र दुसऱ्याच्या हातात आहे. जॉय लोबो प्रोजेक्टसाठी थोडी मुदत मागतो. डायरेक्टर ती नाकारतो आणि त्याच्या वडिलांना फोन करून सांगतो की मुलगा यंदा पास होणार नाही. १९८८मध्ये बापाची अपेक्षा हा गाण्यातला विनोद होता, इथे ती फोनवर येते. मग स्वानंद किरकिरेंचं गाणं सुरू होतं. मित्र त्याचं अर्धवट हेलिकॉप्टर दुरुस्त करून उडवतात, आणि ते खिडकीशी पोचतं तेव्हा जॉय गेलेला असतो.

सिनेमा याला खून म्हणतो. धंदेवाईक हिंदी सिनेमासाठी हे धाडसच. पण त्यावर तो जे उत्तर देतो ते मला पटत नाही. उत्तर आहे रँचो: आनंदाने शिका, लायक व्हा, यश मागे येईल. रँचो तर आनंदाने शिकूनही पहिलाच येतो! जॉय काय नालायक होता? यंत्रावर त्याचं प्रेम नव्हतं? तो बनवत होता ते यंत्र नंतर उडालंच की. त्याला उपदेश नको होता, थोडे दिवस हवे होते. सिनेमा हे विसरतो, गाणं विसरत नाही. ते फक्त वेळ मागतं, पुन्हा एकदा मोठं होण्याएवढा.

आमच्या हॉलमध्ये त्या ओळीला सगळ्यात मोठा आवाज मागून यायचा. वायडी झालेली पोरं तिथे उभी असायची.