सागरी बर्फाची जाडी : मापन की अनुमान ?

उत्तर ध्रुवीय महासागरावरील बर्फाचा विस्तार किती, या प्रश्नाचे उत्तर उपग्रहांवरील सूक्ष्मतरंग-निरीक्षणांतून १९७९ पासून जवळजवळ अखंडपणे मिळत आले आहे. त्याच बर्फाची जाडी किती, या प्रश्नाचे उत्तर मात्र तितके सरळ नाही. 'मोजलेली जाडी' या एकाच नावाखाली जे आकडे शेजारी शेजारी मांडले जातात, त्यांचे प्रामाण्य सारखे नसते; आणि भाकितांचा पाया या आकड्यांवरच घातला जात असल्याने त्या प्रामाण्याची छाननी अगत्याची ठरते.

तरंगत्या सागरी बर्फाचा सुमारे नऊ-दशांश भाग पाण्याखाली असतो. १९५८ साली 'नॉटिलस' ही अमेरिकन पाणबुडी उत्तर ध्रुवाखालून गेली. तेव्हापासूनच्या पाणबुड्यांनी ध्वनिलहरींच्या साहाय्याने मोजली ती हीच पाण्याखालची खोली होय. तीवरून एकूण जाडी काढताना मूळ आकड्यात अल्पशीच भर घालावी लागते. त्यामुळे मापनातील चूक फारशी वाढत नाही. रॉथ्रॉक, यू व मेकट यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले की, १९५८ ते १९७६ या काळात सरासरी ३.१ मीटर असलेली ही खोली १९९० नंतरच्या दशकात १.८ मीटरवर आली होती. या निष्कर्षावर हॉलोवे व सू यांनी २००२ मध्ये घेतलेला आक्षेप मार्मिक होता. वाऱ्याने बर्फ कॅनडाच्या बाजूस लोटला गेला असेल आणि पाणबुड्यांचे मार्ग त्या भागाबाहेर असतील, तर स्थलांतरालाच ऱ्हास समजण्याची चूक घडू शकते, असा त्यांचा युक्तिवाद होता. हा आक्षेप उपकरणावर नव्हता, नमुन्याच्या निवडीवर होता. आणि तो विचारात घेतल्याखेरीज पाणबुड्यांच्या आकड्यांचा अर्थ लावता येत नाही.

नमुन्याची ही उणीव उपग्रहांनी बरीचशी भरून काढली. तथापि तिच्या जागी दुसरी अडचण उभी राहिली. २०१० मध्ये सोडलेला 'क्रायोसॅट-२' रडारने, तर २०१८ मधील 'आइससॅट-२' लेसरने, पाण्यावर डोकावणाऱ्या एक-दशांश भागाची उंची मोजतो. तीवरून जाडी काढताना साडेनऊच्या आसपास असलेल्या गुणकाने गुणावे लागते. साहजिकच उंचीतील पाच सेंटिमीटरची चूक जाडीत अर्ध्या मीटरची होते.

त्यातही खरा अडसर आहे तो बर्फावर साठलेल्या भुसभुशीत हिमाचा. रडारची लहर हिम भेदून बर्फाच्या पृष्ठापर्यंत पोहोचते असे गृहीत धरले जाते; लेसर हिमाच्या माथ्यावरूनच परततो. हिमाचा थर दहा सेंटिमीटरने अधिक धरला गेला, तर केवळ भाराच्या हिशेबाने रडारची जाडी सुमारे पाव मीटरने वाढते, लेसरची मात्र सुमारे पासष्ट सेंटिमीटरने घटते. एकच चूक दोन साधनांत परस्परविरुद्ध दिशांनी प्रकट होते, ही गोष्ट अभ्यासकाने विसरता कामा नये. २०२० मध्ये क्रायोसॅटची कक्षा बदलून तिचा आइससॅटच्या मार्गाशी मेळ घालण्यात आला, तो दोहोंच्या फरकातून हिमाची खोली काढता यावी म्हणूनच. पण त्यातही रडारच्या पूर्ण भेदनाचे गृहीतक कायमच राहते.

हिमाच्या खोलीचे आकडे दीर्घकाळ घेतले गेले ते वॉरेन व सहकाऱ्यांच्या १९९९ मधील सारणीतून. ही सारणी १९५४ ते १९९१ या काळातील सोव्हिएत तरंगत्या केंद्रांच्या नोंदींवर आधारलेली असून ती केंद्रे मुख्यतः बहुवर्षीय बर्फावर होती. आज बऱ्याच भागांत एकवर्षीय बर्फ असल्याने तेथे ती खोली निम्मी धरण्याचा प्रघात पडला. पण दरसालचा बदल त्यात येत नाही. मॅलेट व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये असा बदल हिशेबात घेतला, तेव्हा लॅप्टेव्ह, कारा व चुक्ची या समुद्रांत जाडी घटण्याचा वेग अधिक असल्याचे आढळले. म्हणजे गृहीतकाने केवळ आकडा नव्हे, तर कलही बदलतो.

भाकितांचा विचार येथून सुरू होतो. घनफळाचे जे आकडे वारंवार उद्धृत होतात, ते पुष्कळदा वॉशिंग्टन विद्यापीठाच्या 'पायोमास' या प्रतिमानाचे असतात. ते मापन नव्हे, गणित होय. सप्टेंबरमधील विस्ताराच्या २००८ ते २०१३ या काळातील भाकितांचे स्ट्रोव्ह व सहकाऱ्यांनी परीक्षण केले. विस्तार दीर्घकालीन कलाजवळ राहिला त्या वर्षी भाकिते साधली. तो दूर गेला तेव्हा फसली. २०१२ मध्ये विस्तार सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरपर्यंत उतरला, पुढील वर्षी तो ५० लाखांवर गेला; आणि नेमकी हीच वर्षे भाकितांना अवघड गेली. याचा सर्व दोष जाडीच्या अज्ञानावर टाकणे न्याय्य नव्हे. उन्हाळ्यातील वारे आधी सांगता येत नाहीत. तरीही आरंभीची जाडीच संशयित असेल, तर वाऱ्याचा दोष किती आणि आरंभाचा किती, हे ठरविता येत नाही. वितळपाण्याच्या डबक्यांमुळे रडारला उन्हाळ्यात अंधत्व येई. लँडी व सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये बारमाही नोंद सिद्ध केल्याने ही उणीव काहीशी दूर झाली आहे.

पाणबुड्या, उपग्रह व प्रतिमान यांचे दोष भिन्न जातीचे आहेत; असे असूनही तिन्ही साक्षी बर्फ पातळ होत असल्याचेच सांगतात. म्हणून दिशेविषयी वाद संभवत नाही. वाद आहे तो वेगाविषयी, आणि भाकिताला हवा असतो तो वेगच. जाडीचा प्रत्येक आकडा त्यामागील हिमाच्या गृहीतकासह मांडला जाईल, तेव्हाच त्यावर उभारलेल्या भाकिताचे मूल्य ठरविता येईल.