मूर्ख राजा आणि त्याची प्रजा : चो यांचा ‘मुहम्मद बिन तुघलक’

मध्ययुगीन भारताच्या इतिहासात लोकस्मृतीने ज्याच्यावर मूर्खपणाचा शिक्का कायमचा मारला, असा राजा म्हणजे मुहम्मद बिन तुघलक (राज्यकाल १३२५-१३५१). राजधानी दिल्लीहून देवगिरीस हलविण्याचा आणि हलक्या धातूचे नाणे चांदीच्या मोलाने चालविण्याचा त्याचा प्रयोग फसला. ‘तुघलकी कारभार’ हा शब्दप्रयोग मराठीतही रूढ झाला. समकालीन इतिहासकार बरनी मात्र त्याच्या विद्वत्तेचीही नोंद करतो. बुद्धिमत्ता आणि अविचार यांचे हे द्वंद्व गिरीश कर्नाड यांनी ‘तुघलक’ (१९६४) या कन्नड नाटकात शोकात्म पातळीवर हाताळले. विजय तेंडुलकरांच्या अनुवादामुळे ते मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे.

चो रामस्वामी यांनी १९६८ च्या आपल्या तमिळ नाटकावरून १९७१ साली दिग्दर्शित केलेला चित्रपट नेमकी उलटी वाट धरतो. येथे खरा सुलतान अवतरतच नाही. तुघलक आणि इब्न बतूता शतकांनंतर थडग्यातून जिवंत निघाल्याची बतावणी दोघे जण करतात आणि त्यांपैकी ‘तुघलक’ निवडणुकीच्या मार्गाने देशाचा पंतप्रधान होतो. पक्षांतर करून आलेल्या खासदारांना तो उपपंतप्रधान करतो. भाषावादावर तोडगा म्हणून फार्सीला राजभाषा ठरवतो. १९६५ चे हिंदीविरोधी आंदोलन आणि १९६७ नंतरची पक्षांतरे अनुभवलेल्या प्रेक्षकाला यातील उपरोध समजावून सांगण्याची गरज नव्हती.

कर्नाडांच्या नाटकात विसंगतीचे केंद्र राजाच्या अंतःकरणात आहे. चो ते प्रजेत शोधतात. चौदाव्या शतकातील प्रजेला राजा निवडण्याचा अधिकार नव्हता, विसाव्या शतकातील प्रजेला तो आहे. त्यामुळे राजाला हसणारा प्रेक्षक नकळत स्वतःलाच हसू लागतो.

चित्रपटाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. रंगभूमीचा संवादप्रधान साचा त्याला ओलांडता आलेला नाही. शिवाय मतदाराच्या भोळेपणाची थट्टा करताना त्यामागील अगतिकतेचा विचार तो क्वचितच करतो. अशा वेळी उपरोधाचे रूपांतर तुच्छतेत होते. मात्र लोकांचे डोळे उघडण्यासाठी सोंग घेतलेला नायकच अखेरीस सत्तेच्या मोहात सापडतो, तेव्हा या प्रहसनाला गंभीर अर्थ लाभतो. लोकांच्या मूर्खपणावर बोट ठेवणारा शहाणाही सत्तेपुढे शहाणा उरत नाही, हे ते दाखवते. या शेवटामुळेच ही कृती तत्कालीन राजकारणावरील टवाळीपुरती सीमित राहत नाही.