‘सर्वसाधारण अर्थ’ कोणाचा? शिडाच्या शर्यतींचं नियमपुस्तक वाचताना

काही पुस्तकं वाचनाच्या आनंदासाठी लिहिली जात नाहीत, वाद मिटवण्यासाठी लिहिली जातात. शिडाच्या होड्यांच्या शर्यतींचं नियमपुस्तक, ‘द रेसिंग रूल्स ऑफ सेलिंग’, हे त्यांपैकी एक. ‘वर्ल्ड सेलिंग’ ही आंतरराष्ट्रीय संघटना दर चार वर्षांनी, ऑलिंपिकच्या फेऱ्याबरोबर, त्याची नवी आवृत्ती काढते. सध्या २०२५-२०२८ची आवृत्ती चालू आहे. कंपनीच्या कामासाठी इंग्लंडमध्ये काढलेल्या दोन वर्षांत एका तलावावरच्या छोट्या क्लबात मी होडी हाकारायला शिकलो, तेव्हा हे पुस्तक हाती आलं. माझं पोट सॉफ्टवेअरवर चालतं. नियम लिहिणं आणि दुसऱ्यांनी लिहिलेल्या नियमांतली भोकं शोधणं हा रोजचा उद्योग. त्याच नजरेने हेही वाचायला घेतलं. भोकं सापडली. पण जिथे ती आहेत, तिथेच हे पुस्तक सगळ्यांत जास्त बोलतं, असं माझं मत झालं आहे. त्या मताची ही मांडणी.

सुरुवात एका गैरहजेरीपासून करू. क्लबातल्या रविवारच्या शर्यतीत पंच नसतो. सुरुवातीची रेषा सांभाळायला एक अधिकारी असतो. तो पाच मिनिटं आधी झेंडा चढवतो, भोंगा वाजवतो, कोणी वेळेआधी रेषा ओलांडली तर परत बोलावतो, शेवटी वेळ टिपतो. पण मधल्या तासाभरात पाण्यावर कोणी कोणाला आडवं आलं, कोण बोयाला घासून गेलं, हे बघायला कोणी नसतं. मोठ्या स्पर्धांत आणि दोन होड्यांच्या द्वंद्वात पाण्यावर पंच असतात. पण मूळ पुस्तक त्यांना गृहीत धरत नाही. नियम सुरू होण्याआधीच ते सांगून टाकतं की, नियम पाळायचे खेळाडूंनी आणि राबवायचेही खेळाडूंनीच. चूक झाली तर आपणहून शिक्षा घ्यायची. शिक्षा म्हणजे होडीच्या दोन पूर्ण गिरक्या, सगळ्यांच्या देखत. बोयाला घासलात तर एक गिरकी. समोरच्याने चूक कबूल केली नाही, तर ‘प्रोटेस्ट’ असं ओरडायचं आणि किनाऱ्यावर आल्यावर तक्रार लिहायची.

आपण गल्लीत क्रिकेट खेळताना पंच नव्हताच. पण तिथे बॅट ज्याची त्याचं म्हणणं चालायचं. इथे दोनशे पानांचा कायदा आहे आणि पोलीस नाही.

आता भाषेकडे येऊ. या पुस्तकात माणसं फार कमी काही करतात. करते ती होडी. होडी मार्ग सोडते, होडी शिक्षा घेते, होडी तक्रार करते. ‘होडी’ म्हणजे शिडाची नाव आणि तिच्यावरची माणसं, असं पुस्तकाने आरंभीच ठरवून टाकलं आहे. आणि आधीच्या आवृत्त्यांत तिच्यासाठी इंग्रजी सर्वनाम होतं ‘ती’. इंग्रजीतला हा जुना दर्यावर्दी रिवाज. मराठी वाचकाला त्यात वेगळं काही वाटणार नाही, कारण आपली होडी, नाव, नौका सगळ्या ‘ती’च. पण होडीलाच कर्ता करण्यामुळे एक गोष्ट साधते. ‘तू मला आडवा आलास’ याऐवजी ‘तुझी होडी माझ्या होडीला आडवी आली’ असं म्हणता येतं. राग एक पायरी खाली उतरतो. वर्ल्ड सेलिंग या नियमांच्या अर्थांचं ‘केस बुक’ही काढते. त्यातल्या घटना म्हणजे अर्ध्या पानाच्या गोष्टी, आणि पात्रांची नावं बहुतेकदा नुसती अक्षरं. वारा डावीकडून घेणारी ‘पी’, उजवीकडून घेणारी ‘एस’. दोघी एकमेकींच्या दिशेने येतात. हक्क ‘एस’चा. पण हक्क असला तरी, टक्कर टाळणं शक्य असेल तर तिनेही ती टाळलीच पाहिजे. हक्काच्या शेजारी हे दुसरं वाक्य ठेवणं ही या लिखाणाची खरी शैली आहे.

त्याचं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे ‘प्रॉपर कोर्स’ची व्याख्या. ढोबळ अर्थ असा की, ज्या दुसऱ्या होडीबद्दल आपण बोलतो आहोत ती तिथे नसती, तर शर्यत लवकरात लवकर संपवण्यासाठी तुम्ही जो मार्ग घेतला असता, तो तुमचा मार्ग. मागून येऊन जवळच वाऱ्याच्या खालच्या बाजूला शिरलेल्या होडीने या मार्गापेक्षा वर, वाऱ्याच्या दिशेने चढू नये, असं बंधन आहे. नियमपुस्तकात ‘असती तर’ची भाषा क्वचितच येते. इथे ती येते आणि काम करते. शेजारी नाही असं समजून जसे वागला असता तसे वागा, निव्वळ त्याला अडवण्यासाठी वाट वाकडी करू नका, असा त्याचा अर्थ. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हा एक नियम लागू केला तर निम्म्या बैठका वाचतील.

दुसरं उदाहरण संशयाचं. बोयाला वळसा घालताना आतल्या बाजूच्या होडीला जागा द्यायची असते. पण ती वेळेत शेजारी पोचली होती का, यावर भांडणं होतात. बोयापासून तीन होड्यांच्या लांबीचं वर्तुळ मानलं जातं (२००९पूर्वी ते दोन लांबींचं होतं), पण पाण्यावर ती रेघ कोणी आखलेली नसते. पुस्तक इथे प्रामाणिक आहे. वाजवी शंका असेल तर शेजारी पोचलीच नव्हती असं धरा, म्हणतं. सत्य कळेलच असा आव नाही. न कळलेल्या सत्याचं काय करायचं, तेवढं ठरवलेलं. चांगला प्रोग्रॅमही असाच लिहावा लागतो. निरोप पोचला की नाही हे कळत नसेल, तर काय समजायचं हे आधी ठरलेलं हवं.

इथपर्यंत कौतुक. आता भोक.

व्याख्या केलेले शब्द पुस्तकात तिरप्या अक्षरांत छापले आहेत. पण ज्या शब्दांवर सगळा डोलारा उभा आहे, ते सरळ अक्षरांत आहेत. ‘जागा’ म्हणजे काय, तर त्या परिस्थितीत होडीला तत्परतेने आणि ‘दर्यावर्द्याला शोभेल अशा रीतीने’ वळण्यासाठी लागणारी जागा. हे शोभणं म्हणजे काय, ते कुठेही सांगितलेलं नाही. ‘न्याय्य’, ‘वाजवी’, ‘खिलाडूपणा’ यांचंही तसंच. पुस्तकाचा खुलासा एका वाक्याचा आहे. बाकीचे शब्द नौकानयनात किंवा एरवीच्या वापरात सर्वसाधारणपणे ज्या अर्थाने समजले जातात, त्या अर्थाने घ्यावेत.

सर्वसाधारणपणे कोणाकडून समजले जातात? माझ्या मते पुस्तकाचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि त्याचं उत्तर पुस्तकाबाहेर, क्लबाच्या हंगामात आहे.

इंग्लंडमधल्या छोट्या क्लबाचा हंगाम असा असतो. वसंतात सगळ्यांनी मिळून धक्का दुरुस्त करायचा, गवत कापायचं. मग रविवारच्या शर्यती, उन्हाळ्यात दिवस मोठे झाले की आठवड्यात एका संध्याकाळची शर्यत, मुलांचा आठवडा, बाहेरच्या क्लबांना बोलावून घेतलेली एखादी मोठी स्पर्धा, शरद ऋतूत होड्या आवरून ठेवण्याचं जेवण, बक्षिसं, वार्षिक सभा. प्रत्येक सभासदाला वर्षातून काही वेळा पाळी येते, कधी सुरुवातीचा भोंगा वाजवायला, कधी बचावाच्या मोटारबोटीवर बसायला. पाळीमुळे शर्यत चुकली, तर बरेच क्लब त्या दिवसाचे सरासरी गुण देतात. आणि शर्यत संपली की चहा, केक आणि वाद. नवख्याला वाटतं, शर्यती म्हणजे खेळ आणि चहा-जेवणं म्हणजे त्याभोवतीची सजावट. मला तसं वाटत नाही. ‘शोभेल अशा रीतीने’चा अर्थ त्या चहाच्या टेबलावर ठरतो. ज्याने आज गिरकी न घालता पळ काढला, त्याला पुढच्या रविवारी त्याच लोकांबरोबर धक्क्यावरून होडी उतरवायची आहे, आणि त्याची होडी उलटली तर मोटारबोटीवर आज फसवलेलाच माणूस असू शकतो. पुस्तकात पोलीस नाही, कारण हंगाम हाच पोलीस आहे.

गुण मोजण्याची रीतही हंगामाच्याच बाजूची आहे. पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन. सर्वांत कमी बेरीज तो विजेता. आणि मालिकेतले सर्वांत वाईट काही निकाल वगळायचे. म्हणजे एका वाईट रविवारवरून कोणाची किंमत करायची नाही.

ब्रिटनमध्ये यात आणखी एक दस्तऐवज मिसळतो, ‘पोर्ट्समथ यार्डस्टिक’. वेगवेगळ्या जातींच्या होड्या एकत्र पळवता याव्यात म्हणून प्रत्येक जातीला एक आकडा दिलेला असतो. लागलेल्या वेळेला हजाराने गुणायचं आणि त्या आकड्याने भागायचं. समजा, ‘मिरर’चा आकडा १३९० आणि ‘लेझर’चा ११००. लेझरने ४८ मिनिटं घेतली, मिररने ६०. हिशेबानंतर लेझरचे होतात २६१८ सेकंद, मिररचे २५९०. बारा मिनिटं मागून आलेली होडी अठ्ठावीस सेकंदांनी जिंकते. ‘मिरर’ ही १९६३च्या सुमारास ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राने पुरस्कारलेली, प्लायवूडचे तुकडे घरीच जोडून बनवायची लाल शिडाची स्वस्त होडी. यॉटची ऐपत नसलेली हजारो कुटुंबं तिच्यामुळे पाण्यावर आली. त्या होडीला महागड्या होडीशी बरोबरीने बसवणारा हा भागाकार मला नियमपुस्तकाइतकाच सुंदर वाटतो. हे आकडे क्लबांनी कळवलेल्या निकालांवरून सुधारले जातात, म्हणजे ते असंख्य साध्या रविवारांचं सार असतात.

पण भागाकार होड्यांना समान करतो, माणसांना नाही. होडी फाटकाच्या आत आल्यावरच तो सुरू होतो. फाटकाबद्दल नियमपुस्तक गप्प आहे. कोणाला सभासद करायचं, हा क्लबाचा खाजगी मामला.

हा मामला किती मोठा असू शकतो, ते बघायला मुंबईला यावं लागतं. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६चा. अपोलो बंदरावरची त्याची जुनी इमारत आज अणुऊर्जा खात्याकडे आहे. ब्रिटिश अमदानीत या क्लबाचं दार भारतीयांना बंद होतं. एकाच बंदरात, एकाच वाऱ्यावर दोन हंगाम चालत. पावसाळा दोघांनाही होड्या वर ओढायला लावी. पण कुलाब्याच्या कोळ्यांचा हंगाम नारळी पुनवेला नारळ वाहून उघडे, साहेबांचा क्लबाच्या कार्यक्रमपत्रिकेने. वाऱ्याची आणि भरतीची ‘सर्वसाधारण’ समज पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्याकडे होती, ते त्या ‘सर्वसाधारण’मध्ये मोजले जात नव्हते. खिलाडूपणावर ज्यांचा मनापासून विश्वास होता, त्या लोकांना यात विसंगती दिसली नसावी, कारण खिलाडूपणा आपसांत पाळायचा असतो. छोट्या गटाचा आपसांतला विश्वास आणि त्या गटाचं बंद दार या एकाच बिजागरीवरच्या दोन गोष्टी आहेत. पंच नसण्याची किंमत बाहेरच्याने मोजलेली असते.

म्हणून नियम टाकून द्यावेत असं मात्र मी म्हणणार नाही. दार उघडलं तरी पुस्तक चालतं, हेही दिसलेलं आहे. रॉयल बॉम्बे यॉट क्लब आज भारतीयांचाच आहे. हैदराबादच्या हुसेन सागरावर यॉट क्लब ऑफ हैदराबाद गरीब घरांतल्या मुलामुलींना होडी हाकारायला शिकवतो, आणि ती मुलं राष्ट्रीय स्पर्धांत उतरतात. नियम तेच, ‘पी’ आणि ‘एस’ त्याच. ‘दर्यावर्द्याला शोभेल असं’ याचा अर्थ मात्र आता वेगळ्या टेबलावर, वेगळ्या भाषेत ठरतो आहे. व्याख्या न केलेल्या शब्दाचा हा फायदा. तो सभासदांबरोबर बदलू शकतो.

माझा आक्षेप त्यामुळे पुस्तकाच्या गप्प बसण्याला आहे, त्याच्या विश्वासाला नाही. आणि एक इच्छा आहे. हे नियम मराठीत यावेत. ज्याला ते आणायचे असतील त्याला नुसता शब्दकोश पुरणार नाही. ‘वाऱ्यावर चढणं’ किंवा ‘जागा देणं’ हे कसं म्हणतात, ते विचारायला त्याला कोळीवाड्यात जाऊन बसावं लागेल, आणि तिथला चहा प्यावा लागेल. ‘सर्वसाधारण अर्थ’ या शब्दांचा हिशेब तेव्हा कुठे पुरा होईल.