शिरस्त्राणाखालचे मूल

व्हिडिओ गेमच्या जोडीने निघणाऱ्या कादंबरीला समीक्षेच्या पंगतीत सहसा पान मांडले जात नाही. ती जाहिरातीचाच भाग, हे गृहीत असते. एरिक नायलंडची ‘हेलो : द फॉल ऑफ रीच’ (२००१) तशीच जन्मली. ‘हेलो : कॉम्बॅट इव्हॉल्व्ह्ड’ हा गेम त्या वर्षी नोव्हेंबरच्या मध्यावर एक्सबॉक्ससोबत बाजारात आला, कादंबरी त्याच्या पंधरवडाभर आधी. लेखकाच्या हाती जेमतेम सात आठवडे होते. एवढ्यावरून नाक मुरडायचे, तर बाबुराव अर्नाळकरांच्या हजारावर पुस्तकांचे काय करायचे, हा प्रश्न आपल्यापुढेही उरतोच.

गेमने लेखकाला दिले होते काय? हिरव्या चिलखतातला एक सैनिक, मास्टर चीफ. त्याचा चेहरा दिसत नाही, तो मोजकेच बोलतो. ही उणीव नव्हे, सोय आहे. खेळणाऱ्याला त्या काचेमागे स्वतः उभे राहता यावे म्हणून ती जागा रिकामी ठेवलेली असते. कादंबरीला मात्र रिकाम्या शिरस्त्राणावर साडेतीनशे पाने काढता येत नाहीत. तिला माणूस लागतो, माणसाला बालपण लागते. नायलंडने ते दिले आणि त्या बालपणाच्या तळाशी एक गुन्हा ठेवला.

इ. स. २५१७. डॉ. कॅथरीन हॅल्सी ही शास्त्रज्ञ जेकब कीज या तरुण लष्करी अधिकाऱ्याला सोबत घेऊन एरिडॅनस-२ या ग्रहावर येते. शाळेच्या मैदानात जॉन नावाचा सहा वर्षांचा मुलगा खेळतो आहे. ती नाणे उडवते, जॉन अचूक बाजू सांगतो, आणि त्याची निवड पक्की होते. अशी पंच्याहत्तर मुले पळवली जातात. घरी त्यांच्या जागी घाईने वाढवलेली हुबेहूब प्रतिरूपे ठेवली जातात. ती फार काळ जगणार नाहीत, हे ठेवणाऱ्यांना ठाऊक असते. आईबाप ज्याला पुरतात ते त्यांचे मूल नसते, आणि जे जिवंत असते त्याचा शोध घेण्याचे कारणच उरत नाही. पुढे चौदाव्या वर्षी शरीरात बदल घडवणाऱ्या शस्त्रक्रियांत तीस जण दगावतात, बारा जण अपंग होतात.

हे सारे सांगणारी भाषा पाहण्याजोगी आहे. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर लष्करी नोंदवहीसारखी वेळ, तारीख, ठिकाण. वाक्ये आखूड, सपाट. व्यावसायिक घाईतून आलेली ही शैली असेल. पण अपहरणाची हकिकत हजेरीपटाच्या सुरात ऐकताना अंगावर येणारा गारठा खरा आहे. मात्र कादंबरी त्या आईबापांच्या घरात पाऊल ठेवत नाही. तिथे गेली असती, तर पुढची शौर्यकथा सांगणे तिला जड गेले असते.

उलट ती आपल्याला प्रशिक्षणाच्या मैदानावर नेते, आणि तिथला घंटेचा प्रसंग पुस्तकातला सर्वांत बांधेसूद. मुलांचे तिघातिघांचे गट, दोरखंडांचे अडथळे, शेवटी वाजवायची घंटा. मागे पडणाऱ्या गटाला रात्रीचे जेवण नाही. जॉन धावत सुटतो, पहिला पोचतो, आणि उपाशी राहतो. कारण त्याचे दोन सोबती मागे राहिलेले असतात. दुसऱ्या दिवशी तो त्यांना घेऊनच पुढे जातो. वाचक खूश होतो. मीही झालो. पान उलटल्यावर ध्यानात आले, की ताट राखून धरणारा हात मुलाला पळवणाऱ्या यंत्रणेचाच आहे, आणि तिने शिकवलेल्या धड्याला आपण नुकतीच दाद दिली. निष्ठा हा गुण इथे भुकेतून घडवला जातो, आणि तरीही तो खोटा वाटत नाही. या कादंबरीचे बळ इथे आहे आणि तिची अडचणही.

आणखी एक गोष्ट गेमच्या झगमगाटात हरवते. ही मुले परग्रहवासीयांशी लढण्यासाठी घडवलेलीच नव्हती. दूरच्या वसाहतींतली माणसांची बंडखोरी मोडणे हा मूळ हेतू. जॉनच्या तुकडीची पहिली मोहीम बंडखोरांचा पुढारी रॉबर्ट वॉट्स याला पकडण्याची, आणि तीही एरिडॅनसच्याच ग्रहमालेत. म्हणजे ज्या मुलुखातून मुलगा उचलला, तिथल्याच माणसांवर त्याला सोडला. कादंबरी त्यावर रेंगाळत नाही, कारण लगेचच ‘कोव्हेनंट’ ही परग्रहवासीयांची आघाडी हार्वेस्ट या वसाहतीवर तुटून पडते. संपूर्ण मानवजात धोक्यात आल्यावर पंच्याहत्तर मुलांचा हिशेब कोण मागणार? हॅल्सीच्या कृत्याचे समर्थन कोणतेही पात्र युक्तिवादाने करत नाही. ते काम कथानक करते. शत्रू वेळेवर येतो. ही लबाडी आहे, असे माझे मत.

उत्तरार्धात आकाशयुद्धे आहेत. कीजची सिग्मा ऑक्टॅनसजवळची चाल चुरशीची आहे, बाकी पाने गेमच्या उंबरठ्यापर्यंत पोचण्याची धावपळ.

२०१० साली ‘हेलो : रीच’ या गेमने तीच लढाई वेगळ्या तऱ्हेने मांडली. कादंबरीत अवकाशात असणारे ‘पिलर ऑफ ऑटम’ हे जहाज गेममध्ये ग्रहाच्या जमिनीवर उभे दिसले. तारखा जुळेनात. अशा विश्वांचे पाईक विसंगतीवर तुटून पडतात, आणि त्याच वर्षी कादंबरीची सुधारलेली आवृत्तीही निघाली. पण जहाज कुठे उभे होते, यापेक्षा मोठी फट त्या न दाखवलेल्या घरांची होती. २०१२च्या ‘हेलो ४’ची सुरुवातच हॅल्सीच्या उलटतपासणीने होते. त्यानंतर दोन वर्षांनी कॅरन ट्रॅव्हिसच्या ‘मॉर्टल डिक्टाटा’त स्टाफन सेंट्झके हा बाप येतो. हरवून परत आलेली मुलगी आपली नाओमी नव्हे, हे त्याने ओळखलेले असते. कोणी विश्वास ठेवत नाही. तो बंडखोरांना जाऊन मिळतो. नायलंडने बंद ठेवलेले दार उघडायला दुसऱ्या लेखिकेला तेरा वर्षे लागली, आणि आतून बाहेर आला तो अशा सैनिकांचा नेमका मूळ शत्रू.