'स्मृतिचित्रे'तील निश्चिंतता

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या ६ व्या अध्यायातील चिंतात्यागाच्या उपदेशाचे जिवंत मराठी भाष्य लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त (१९३४ पासून प्रसिद्ध) आहे, असे आम्हांस वाटते. रेव्हरंड टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. पैसा हाती न टिकणे हा त्यांचा स्वभावच. तो धर्मांतरापूर्वीचा असल्याने त्यास निव्वळ श्रद्धेचे फळ म्हणता येत नाही. शिवाय त्यांनी टाकलेली चिंता नाहीशी होत नाही, ती पत्नीच्या पदरी पडते. त्या निश्चिंततेची थोरवी गाताना चुलीचा हिशेब विसरून कसे चालेल? लक्ष्मीबाई १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या. त्यांची श्रद्धा तरतूद सोडीत नाही, भय सोडते. आणि याची खूण स्वतःच्या ओढगस्तीकडेही हसून पाहणाऱ्या त्यांच्या निवेदनात सापडते.