शारदा : एका नावाचा मराठी प्रवास

‘शारदा कायदा’ हे नाव देवलांच्या नाटकावरून पडले, असे सांगणारे आजही गिरगावात आणि दादरला भेटतात. वस्तुस्थिती वेगळी आहे. १९२९चा बालविवाह प्रतिबंधक कायदा अजमेरच्या हरबिलास सारडांनी मांडला होता. सारडा हे त्यांचे आडनाव. मराठी कानांनी त्याची मुलगी केली. मला हा अपभ्रंश क्षुल्लक वाटत नाही.

नावाची आधीची वाटचाल पाहू. पाटीवर सरस्वती काढून पूजणाऱ्या समाजात शारदा म्हणजे विद्या. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत चौपाटीजवळ शारदासदन उघडले, तेव्हा ते नाव अशा स्त्रियांच्या डोक्यावर छप्पर म्हणून आले, ज्यांना पाटी-पेन्सिल नाकारली होती. बालविधवा गोदूबाई तिथे शिकल्या आणि १८९३मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला. सदन पुढच्याच वर्षी पुण्याला हलले; पण सुरुवात मुंबईची, हे गिरगावकरांनी विसरू नये.

दहा वर्षांनी, १८९९मध्ये, ‘संगीत शारदा’ रंगभूमीवर आले. नाटकातली नावे जरा सावकाश वाचा. बाप कांचनभट, आई इंदिरा, म्हणजे लक्ष्मी. जख्ख म्हातारा वर भुजंगनाथ. सोन्याने आपल्या घरातली विद्या सापाला विकायला काढली आहे! देवल हे कुठे बोलून दाखवत नाहीत, आणि ते बरेच आहे. बालगंधर्वांची शारदा, पदे, चाली यांवर आपण पानेच्या पाने लिहिली. या नामकरणाकडे मात्र समीक्षेने पुरेसे पाहिलेले नाही, असे माझे मत आहे.

नाटकाचा कमकुवत दुवाही इथेच आहे. लग्न मोडते ते वर आणि वधू सगोत्र निघतात म्हणून. वयाचे अंतर, मुलीची नामर्जी, पैशाचा व्यवहार यांपैकी एकही कारण शास्त्रापुढे पुरेसे ठरत नाही. गोत्र वेगळे असते तर? भुजंगनाथ निर्वेधपणे बोहल्यावरून उतरला असता. देवलांनी प्रेक्षकाला रडवले, पण शारदेला सोडवायला हक्क दिला नाही, तांत्रिक अडचण दिली.

ती उणीव सारडांच्या कायद्याने काही अंशी भरून काढली. १ एप्रिल १९३०पासून मुलीचे किमान वय १४, मुलाचे १८. तोही लंगडाच होता: लग्न लावणाऱ्याला शिक्षा, पण लागलेले लग्न कायम. तरीही गोत्राच्या जागी वय आले. म्हणून आडनावाचे मुलीचे नाव करणारा मराठी प्रेक्षक मला अडाणी वाटत नाही. तीस वर्षे नाट्यगृहात जिच्यासाठी तो हळहळला, तिचाच हा कायदा, असे त्याने ठरवून टाकले. आक्षेप एवढाच, की या जोडणीत नाटक उरले आणि चौपाटीचे सदन गळाले. जिथे शारदेला नवरा शोधून देण्याआधी अक्षरे शिकवली जात होती.